रील बघून ठरवू नकोस, आणि हरून आल्यावर तर मुळीच नको

पत्र

ताई, नमस्कार. मी मूळची मिरजेची, गेली सहा वर्षं पुण्यात पीजीवर राहून टेनिस खेळते. वय २३, उंची ५ फूट २ इंच. सिंगल्सचं रँकिंग ७००च्या पुढे आहे, डबल्सचं त्यापेक्षा बरं. मागच्या महिन्यात एका डब्ल्यू-१५ (व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या) स्पर्धेत पहिल्याच राउंडला तिसऱ्या सेटमध्ये ५-३ पुढे असताना हरले. त्याच रात्री कोच म्हणाले, उंची नाही, सर्व्हिस नाही, सिंगल्सचा नाद सोड, डबल्स खेळ नाहीतर बारक्या पोरांना शिकव. बाबांचं खतांचं दुकान आहे, त्यांनी माझ्यासाठी दुकानावर कर्ज काढलंय, किती ते सांगत नाहीत. भावाचं इंजिनियरिंगचं ॲडमिशन तोंडावर आलंय. मावशीने स्थळ आणलंय, मुलगा बंगलोरला असतो, वाईट नाहीये. आणि आई मला दर दोन दिवसांनी इटलीच्या टेनिसपटू जास्मिन पाओलिनीचं रील पाठवते, "बघ, २८व्या वर्षी चमकली, तीही बुटकीच आहे". आधी बरं वाटायचं, आता चीड येते. खरं सांगा, माझं वय झालं का? थांबू का?

– मिरजकर

उत्तर

अगं, आधी मला एक सांग, ५-३ला तू सर्व्ह करत होतीस की रिटर्न? कारण तुझ्या आख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं आणि तेवढंच तू लिहिलं नाहीयेस. सर्व्ह करत होतीस आणि ब्रेक झालीस, म्हणजे तुझ्या सर्व्हिसचा गेम गेला, मग ५-४ला तिने आपला सर्व्हिस गेम राखला, मग परत तुझी सर्व्हिस गेली, असं झालं असेल तर कोच बोलले त्यात थोडं तथ्य आहे. आणि रिटर्नवर असताना तुझ्या हातात मॅच पॉइंट होते आणि पोरीने येऊन धाडधाड चार फर्स्ट सर्व्ह मारल्या, तर मग तुझं काहीच चुकलं नाही, त्या दिवशी तिचं लागलं. दोन्हीचा स्कोअर कागदावर तोच दिसतो पण त्यातून निघणारा सल्ला पूर्ण वेगळा आहे. तू वय लिहिलंस, उंची लिहिलीस, स्थळ लिहिलंस, फक्त टेनिस लिहिलं नाहीस. रागवत नाहीये, मीपण तुझ्या वयाची असताना हेच केलेलं, त्याचं पुढे सांगते.

आता ते रील. आईवर चिडू नकोस, तिला बिचारीला मदत करायचीय आणि तिच्याकडे फोन आहे, बाकी काय आहे? पण चीड का येते ते मला कळतं, कारण रीलमध्ये तीस सेकंदात पोरगी लहान असते, मग म्युझिक वाढतं, मग एकदम सेंटर कोर्ट. मधली पंधरा वर्षं गायब! आणि तू आत्ता नेमकी त्या गायब केलेल्या भागात उभी आहेस, मग कसं बरं वाटणार.

म्हणून मी तुला तो मधला भाग सांगते, कारण पाओलिनी माझी आवडती आहे आणि तिच्याबद्दल बोलायला मला कारण लागतच नाही, घरचे वैतागलेत.

जन्म जानेवारी १९९६. इटलीतल्या टस्कनीत बान्यी दी लुक्का म्हणून गाव आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांचं, तिथे वाढली. वडील इटालियन, आई पोलंडची, आईचे वडील घानाचे. पाच वर्षांची असताना वडील आणि काका यांनी हातात रॅकेट दिली. ज्युनियरमध्ये काही जगाला हलवून सोडलं वगैरे नाही. पुढे तिथल्या टेनिस फेडरेशनच्या तिर्रेनियाच्या सेंटरवर गेली आणि रेंझो फुर्लान हे कोच मिळाले, ते स्वतः एकेकाळी टॉप ट्वेंटीत खेळलेले, आणि त्यांच्याबरोबर ती जवळजवळ दहा वर्षं राहिली. दहा वर्षं एकच कोच, हे लक्षात ठेव, आपल्याकडे पोरी सहा महिन्याला कोच बदलतात आणि पालक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांना विचारत बसतात की तुमच्या सरांची फी किती.

पहिला डब्ल्यूटीए (बायकांच्या टेनिसची मुख्य टूर) किताब कधी मिळाला? २०२१मध्ये, स्लोव्हेनियातल्या पोर्तोरोझला, तेव्हा ती २५ची. बरं, मग लागली का गाडी हायवेला? नाही. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही ती पन्नास-साठच्या आसपासच घुटमळत होती. ग्रँड स्लॅमला जायचं, पहिल्या राउंडला हरायचं, फार तर दुसऱ्याला, आणि बॅग भरायची. २०२४ उजाडेपर्यंत एकाही ग्रँड स्लॅममध्ये ती दुसऱ्या राउंडच्या पुढे गेलेली नव्हती, आणि विम्बल्डनच्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत तर तोपर्यंत एकही मॅच जिंकलेली नव्हती. एकही नाही. आणि त्याच वर्षी ती विम्बल्डनची फायनल खेळली.

२०२४चं सगळं सांगत नाही, तुला पाठ असेल. ऑस्ट्रेलियात चौथा राउंड, मग फेब्रुवारीत दुबई जिंकली, फायनल ४-६, ७-५, ७-५, म्हणजे आरामात नाही तर दात-ओठ खाऊन. मग पॅरिसला फ्रेंच ओपनमध्ये रायबाकिनाला हरवून पुढे फायनल आणि तिथे स्विआटेकने ६-२, ६-१ असं धुतलं. आणि तीन-चार आठवड्यांनी गवतावर परत उभी!

विम्बल्डनची सेमीफायनल मी घरी बघत होते, आपल्याकडे संध्याकाळी सहाला सुरू झाली, समोर डोना वेकिच. पहिला सेट २-६ गेला तेव्हा मी उठून कणीक मळायला घेतली, म्हटलं संपलं. पोळ्या झाल्या, भाजी झाली, हिचं सुरूच. तिसऱ्या सेटमध्ये वेकिच हात दुखतोय म्हणून रडत रडत खेळत होती आणि तरी विनर मारत होती, आणि ही पाओलिनी पॉइंट गेला की टॉवेलकडे जायची, डब्याकडे (म्हणजे स्वतःच्या टीमच्या बॉक्सकडे, आम्ही जुने लोक डबाच म्हणतो) बघायची आणि चक्क हसायची. मग दहा पॉइंटचा टायब्रेक, १०-८. २ तास ५१ मिनिटं, विम्बल्डनमधली बायकांची सगळ्यात लांब सेमीफायनल. आमच्याकडे त्या दिवशी जेवण साडेनऊला झालं आणि कोणी काही बोललं नाही.

फायनल ती हरली, बार्बोरा क्रेजिकोव्हाकडून, ६-२, २-६, ६-४. म्हणजे बघ, ज्या वर्षामुळे तिची रीलं फिरतायत त्या वर्षी ती ग्रँड स्लॅमच्या दोन्ही फायनल हरलेली आहे. रीलवाले हे सांगत नाहीत. ऑलिम्पिकचं डबल्सचं गोल्ड मात्र आलं, सारा एर्रानीबरोबर, आणि ते इटलीचं टेनिसमधलं पहिलंच ऑलिम्पिक गोल्ड होतं. रँकिंग चारपर्यंत गेलं. पुढच्या वर्षी रोमला, घरच्या कोर्टवर, गॉफला हरवून सिंगल्स आणि एर्रानीबरोबर डबल्सही. १९८५नंतर ती स्पर्धा सिंगल्समध्ये जिंकणारी ती पहिली इटालियन बाई.

आणि नशीबपण होतं गं. विम्बल्डनला चौथ्या राउंडमध्ये मॅडिसन कीज तिसऱ्या सेटमध्ये ५-२ पुढे होती, मग कीजचा पाय गेला, ५-५ला तिने मॅच सोडली. तो स्नायू धरला नसता तर कदाचित आज आई तुला दुसऱ्याच कोणाचं रील पाठवत असती. फक्त त्या नशिबाच्या वेळेला ती तिथे कोर्टवर उभी होती, ५-२ला रॅकेट टाकून दिलेली नव्हती.

आता मी जे बोलणारे ते तुला आवडणार नाही. पाओलिनीची गोष्ट तुझी गोष्ट नाहीये. ती २३ची असताना टॉप १००च्या दारात होती, तू ७००वर आहेस. तिच्या मागे फेडरेशन होतं, घरापासून ट्रेनने जाता येईल एवढ्या अंतरावर दर आठवड्याला कुठे ना कुठे स्पर्धा होती, एका आठवड्यात हरलं तर पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावी. आणि तुला ट्युनिशियातल्या मोनास्तिर किंवा तुर्कस्तानातल्या अंताल्याला जायचं म्हटलं तर आधी व्हिसा, मग तिकीट, मग तीन आठवडे सलग तिथेच राहायचं कारण येणं-जाणं परवडत नाही, मग पहिल्या आठवड्यात पोट बिघडलं तरी खेळायचं. हे दोन प्रवास एका रांगेत ठेवून "तिला जमलं मग तुला का नाही" म्हणणं हा तुझ्यावर अन्याय आहे, आणि "तिला जमलं म्हणजे तुलाही जमेल" हा त्याहून मोठा.

मग तिच्याकडून घ्यायचं काय? मला विचारशील तर एकच. ती वयाशी भांडली नाही, खेळाशी भांडत राहिली. पाच फूट चार इंचाच्या पोरीने सर्व्हिसवर काम केलं, उंचीवर नाही, उंचीवर काम होतच नाही. बेसलाइनच्या मागे जाऊन परत करत बसायचं सोडून बॉल चढतानाच घ्यायला लागली, फोरहँडला एवढा टॉपस्पिन की सहा फुटी पोरीच्याही खांद्यावर बॉल जातो, आणि पाय! तिचे पाय बघ कधीतरी, बॉलकडे बघूच नकोस. म्युझिक बंद कर आणि एक गेम फक्त पाय बघ, समोरचीने मारायच्या आधी किती छोट्या छोट्या स्टेप पडतात ते मोज. आईला सांग असलं रील पाठव.

तुझ्या कोचबद्दल. माणूस वाईट नसेल, पण ज्या रात्री पोरगी ५-३वरून हरून आलीय त्या रात्री हे बोलायचं नसतं, हे कुठल्याही कोचला कळायला पाहिजे. उंचीचं त्यांचं अर्धं बरोबर आहे, पाच फूट दोन इंचाला फ्लॅट सर्व्हिसचा अँगलच मिळत नाही, नेट मधे येतं, हे भूमितीचं आहे. पण म्हणून सर्व्हिसच नाही असं नसतं, बॉडीवर सर्व्ह आहे, वाइड स्लाइस आहे, किक आहे, आणि मुख्य म्हणजे फर्स्ट सर्व्ह आत पडण्याचं प्रमाण आहे. शेवटच्या दहा मॅचचं तुझं फर्स्ट सर्व्ह पर्सेंटेज काय? सेकंड सर्व्हवर किती पॉइंट जिंकतेस? त्यांनी कधी लिहून ठेवलंय का? नसेल तर "सर्व्हिस नाही" हे निदान नाहीये, वैताग आहे.

आणि "डबल्स खेळ" हे त्यांनी शिक्षा दिल्यासारखं म्हटलं असेल तर ते चूक आहे. ज्या क्रेजिकोव्हाने ती विम्बल्डन फायनल जिंकली तिचं माहितीय ना? २०१८मध्ये ती डबल्समध्ये जगात एक नंबर होती, आणि २०२० सुरू झालं तेव्हा सिंगल्समध्ये शंभरच्याही बाहेर. सगळे म्हणायचे ही डबल्सवाली. मग २०२१ला २५व्या वर्षी फ्रेंच ओपन सिंगल्स जिंकली, आणि त्याच आठवड्यात डबल्सही. आपल्याकडची सानिया बघ, सिंगल्समध्ये २७पर्यंत गेली, मनगटाने दगा दिला, मग डबल्स धरलं आणि २०१५ला एक नंबर. आणि आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले, २०२३ला हांगझोच्या एशियन गेम्समध्ये बोपण्णाबरोबर मिक्स्डचं गोल्ड, फायनलला पहिला सेट २-६ गमावून. ही सगळी काय उरलेलं-सुरलेलं खेळत होती का? तुझं डबल्सचं रँकिंग बरं आहे असं तू अर्ध्या वाक्यात लाजत लिहिलंयस, जशी काही शेजारणीची गोष्ट आहे. अगं तुझीच कमाई आहे ती! नेटवर हात बसतो, रिटर्न खाली पायात टाकायची सवय लागते, आणि एका आठवड्यात हॉटेलचे चार दिवस जास्त वसूल होतात, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता पैशावर ये. डब्ल्यू-१५ म्हणजे एकूण बक्षीस १५ हजार डॉलर, त्यात सिंगल्स जिंकणारीला दोन हजारांच्या थोडे वर, आणि पहिल्या राउंडला हरलीस तर जे हातात येतं त्यात हॉटेलचे तीन दिवस निघाले तरी नशीब, कोचचा खर्च वेगळाच. आणि या बाजूला विम्बल्डनला २०२५मध्ये क्वालिफाइंगची (मेन ड्रॉत शिरण्यासाठीच्या फेऱ्यांची) पहिली मॅच हरणारीला साडेपंधरा हजार पौंड मिळाले, मेन ड्रॉमध्ये पहिल्या राउंडला हरणारीला ६६ हजार पौंड, म्हणजे आपले पंचाहत्तर लाखांच्या घरात, हरून! म्हणजे या धंद्यात पहिला-शंभरावा हा फरक नाहीच आहे, खरी भिंत आहे सव्वादोनशे-अडीचशेच्या आसपास, जिथून ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगचं दार उघडतं. त्या भिंतीच्या अलीकडे सगळ्या घरच्या पैशावर खेळतात, पलीकडे गेलं की खेळ स्वतःचा खर्च काढायला लागतो. तुझा प्रश्न "वय झालं का" हा नाही, तुझा प्रश्न आहे त्या भिंतीपर्यंत जायला मला किती वेळ आणि किती पैसा लागेल आणि घरात तो आहे का.

अंकिता रैनाचं उदाहरण तुला पाओलिनीपेक्षा जास्त कामाचं आहे. मूळ अहमदाबादची, शाळेच्या वयात पुण्यात आली हेमंत बेंद्रे सरांकडे. टॉप २००मध्ये कधी आली? २०१८ला, २५व्या वर्षी. तोपर्यंत वर्षानुवर्षं हेच तुझ्यासारखं, छोट्या स्पर्धा, छोटी गावं. त्याच वर्षी जकार्ताला एशियन गेम्सचं ब्राँझ. २०२०ला १६०पर्यंत गेली. आणि २०२१च्या ऑस्ट्रेलियन ओपनला क्वालिफाइंगच्या शेवटच्या राउंडला हरली, एक मॅच राहिली सिंगल्सच्या मेन ड्रॉला. एक! मग काय केलं, डबल्सला मेन ड्रॉमध्ये नाव लागलं तर तिथे खेळली, आणि लगेच तिथेच मेलबर्नला फिलिप आयलंड ट्रॉफी डबल्समध्ये जिंकली, डब्ल्यूटीएचा किताब. त्याच वर्षी सानियाबरोबर टोकियो ऑलिम्पिक. याचं रील कोणी फारसं करत नाही कारण म्युझिक नेमकं कुठे वाढवायचं तेच कळत नाही. पण २३व्या वर्षी तीही दोनशेच्या बाहेरच होती हे तू वाचून घे.

आता माझं. मी २४व्या वर्षी सोडलं. वयामुळे नाही, पैशामुळेही नाही, खरं तर वडील अजून एक वर्ष द्यायला तयार होते. एका स्पर्धेत जिंकायची मॅच हरले, परत येताना रात्रीच्या ट्रेनमध्ये साइड अपरला पडल्या पडल्या ठरवलं की बास. सकाळी घरी येऊन सांगितलं, रॅकेटा मामेबहिणीला देऊन टाकल्या, वर्षभरात स्पोर्ट्स कोट्यातून बँकेत लागले. नोकरी चांगली, लग्न चांगलं, सकाळी सहाला पोरांना शिकवते त्यात मन रमतं. सोडल्याचं दुःख मला नाहीये. मला खुपतं ते एवढंच, की तो निर्णय मी घेतला नाही, त्या ट्रेनने घेतला. रडून डोळे सुजलेल्या पोरीने रात्री दोन वाजता घेतलेला निर्णय पुढे वीस वर्षं सांभाळायला लागतो. त्यात पुढच्या दोन आठवड्यांच्या एंट्री भरलेल्या होत्या! त्यापण कॅन्सल केल्या नाहीत, दंड बसला, तो बाबांनी भरला.

म्हणून तुला हो किंवा नाही मी सांगणार नाही, पण कसं ठरवायचं ते सांगते आणि तेवढं तू कर.

या महिन्यात मिरजेला जा, स्पर्धा नसलेल्या आठवड्यात, आणि बाबांसमोर वही घेऊन बस. रडायचं नाही, आभार मानायचे नाहीत, "बाबा, आकडा सांगा" एवढंच. ते म्हणतील तुला काय करायचंय, तू खेळ. तेव्हा सांग की दुकानात उधारीची वही तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवता ना, मग मला का नाही, मी पण खातेदारच आहे. खतांचं दुकान चालवणारा माणूस आहे, हिशोबाची भाषा लगेच कळेल. आकडा कळला की अर्धं ओझं तिथेच उतरतं, कारण न सांगितलेला आकडा डोक्यात दुप्पट होऊन फिरतो, आणि मला दाट शंका आहे की ५-३ला सर्व्हिस टाकताना तुझ्या टॉसबरोबर तो आकडाही वर जातो. आई-बाबा आणि भाऊ तिघं असताना बोला, भावालापण बसव, त्याला वाटत असेल ताईमुळे माझी सीट जाणार, नाहीतर वाटत नसेल पण तुला वाटतंय की त्याला वाटतंय, जे काय असेल ते टेबलावर येऊ दे.

मग एक मुदत ठरवा. माझ्या मते एक पूर्ण सीझन आणि वर तीन-चार महिने, म्हणजे साधारण सव्वा वर्ष, कारण रँकिंगचे पॉइंट ५२ आठवडे राहतात आणि मग गळतात, त्यापेक्षा कमी मुदतीत काही कळत नाही. आणि त्या मुदतीत रँकिंगवर ध्येय ठेवू नकोस, रँकिंग उशिरा बोलतं. तू बघ की डब्ल्यू-३५ला, म्हणजे डब्ल्यू-१५च्या वरच्या पायरीला, तू राउंड काढतेस का. कारण डब्ल्यू-१५ जिंकून १५ पॉइंट आणि डब्ल्यू-३५ जिंकून ३५, खालच्या पायरीवर राहून रँकिंग राखता येतं, चढता येत नाही. बऱ्याच पोरी डब्ल्यू-१५मध्येच रमतात, तिथे सेमीफायनल मिळते, फोटो टाकता येतो. तू डब्ल्यू-३५च्या क्वालिफाइंगमधून मार खात खात वर ये, सहा महिने फोटो येणार नाहीत, चालेल. सोलापूर, पुणे, नवी मुंबई, आपल्याकडच्या ज्या होतात त्या एकही सोडू नकोस, तिथे भाकरी घरची असते. बाहेर जायचं तर दोघी-तिघी मिळून जा, डबल्स पार्टनर एकच धर, रूम शेअर कर. दर मॅचनंतर चार आकडे लिही, फर्स्ट सर्व्ह किती आत, सेकंड सर्व्हवर किती पॉइंट, ब्रेक पॉइंट किती मिळाले किती घेतले, आणि पुढे असताना किती गेम सोडले. शेवटचा आकडा तुझ्यासाठी खास.

सव्वा वर्षानंतर ठरलेल्या तारखेला, मॅच नसलेल्या दिवशी, सकाळी चहा पिऊन ती वही उघडायची. डब्ल्यू-३५ला राउंड निघत असतील आणि ते चार आकडे हलले असतील तर पुढची मुदत. हलले नसतील तर थांब, आणि मग खुशाल थांब, डबल्सपुरतं खेळ किंवा पोरांना शिकव, तोही खेळच आहे. पण मधे कुठल्या हरलेल्या रात्री किंवा कुठल्या जिंकलेल्या रात्रीसुद्धा ती तारीख हलवायची नाही. जिंकल्यावर तर माणूस जास्त मूर्ख निर्णय घेतो.

दरम्यान आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तुझी जी काही नॅशनलची, स्टेटची सर्टिफिकेटं आहेत ती आत्ताच काढून पात्रतेत बसतात का बघ आणि पडताळणी करून घे, वयाची अट वगैरे नीट वाच. हे सोडण्याची तयारी नाहीये, घरात गॅसचा दुसरा सिलेंडर असतो ना तसं.

मावशीचं स्थळ राहिलं. मुलगा वाईट नाहीये असं तू लिहिलंस, म्हणजे तुला तो थोडा आवडलाय, मी काय आज जन्मले नाही. मग लपवू नकोस, त्याला फोन कर आणि सव्वा वर्षाचं जे ठरलंय ते सांग. वर्षातले वीस-पंचवीस आठवडे बॅग भरलेली असणार हेही सांग. थांबला तर चांगलं, नाही थांबला तर मावशीला दुसरं स्थळ आणायला तेवढीच हौस. पण "मी खेळ सोडला म्हणून लग्न केलं" आणि "लग्न केलं म्हणून खेळ सोडला" या दोन्हीपैकी एकही वाक्य पुढे आयुष्यभर त्या माणसाला ऐकवायचं नसेल तर दोन गोष्टी एकाच महिन्यात ठरवू नकोस.

कोच बदलायचा का, हे तू विचारलं नाहीस पण मनात असणार. लगेच नको. आधी त्यांना ते चार आकडे दाखव आणि विचार, सर, यातलं कुठलं आधी दुरुस्त करायचं. त्यांनी वही हातात घेतली तर राहा. वहीकडे न बघता परत उंचीवर गेले तर मग बघू, मला लिही.

आणि हो, सेकंड सर्व्हचा व्हिडिओ पाठव. मागून काढलेला, बाजूने नको, टॉस कुठे जातोय ते मागूनच दिसतं. मोबाइल कुंपणाच्या जाळीला रबरबँडने बांध, कोणाला धरायला सांगू नकोस, हात हलतो. सोलापूरच्या स्पर्धेला एंट्री टाकलीस तर कळव, माझं माहेर तिथलंच आहे. मी वरच्या पायरीवर सावलीत बसलेली असते, शेंगाचटणीचा डबा घेऊन. मॅच संपल्यावर ये, हरलीस तरी ये, फक्त त्या दिवशी मला काही विचारायचं नाही.

– ताई